फणोटी

मे महिना. गायत्रीनगरच्या आयटी पार्कात
एसीनंही मान टाकलेली.
भोयर साहेब म्हणाले, मॅडम, एक शब्द द्या,
जगात कुठंच नसलेला.
कोशात नाही, नेटवर नाही, कोणाच्या तोंडात नाही.
त्याच्यापुढं आपण एक भलतंच पान ठेवू
आणि वाट पाहू.

समोरचे आपली उत्तरं उचलून राहिले
हे कँटीनवाल्यालाही माहीत होतं.
पुरावा तेवढा नव्हता.

बाकीचे कीबोर्डवर बोटं आपटत होते:
क्षपगट, हुंबळख, असलं काहीबाही.
माझ्या बोटांनी मला न विचारता लिहिलं,
फणोटी.
शोधून पाहिलं. शून्य.
साहेब खूश. झकास शब्द आहे, म्हणाले,
अगदी खरा वाटतो.

फणोटीला आम्ही जोडलं
कूलरच्या खसच्या ताट्यांचं दरपत्रक.
मग वीस जणांनी घरी जाऊन
समोरच्यांच्या खिडकीतून आमच्या दारात यायचं,
फणोटी टाकायचं, खस उघडायची,
पुन्हा टाकायचं, पुन्हा उघडायची.
मी मानेवाड्याच्या गच्चीवर बसून
सत्तरेक वेळा तरी केलं असेल.
खाली कूलरमध्ये पाणी भरायचं राहून गेलं.

अकराव्या दिवशी
समोरच्यांकडं फणोटी टाकली
आणि खस आली.
तीच ताटी, तोच दर, तोच चुकलेला फोन नंबर.

तर्री पोहे मागवले. कोणी शिट्टी मारली.
भोयर साहेब खुर्चीवर चढले नि बोलले,
बरोबर उत्तर दोघांचं एक असू शकतं हो,
चूक एक कशी असेल?

पोह्यातला चणा माझ्या दाढेखाली तसाच राहिला.

हेच वाक्य. हाच सूर.
आठवी ब, सहामाहीचा मराठीचा पेपर,
पांढरीपांडे सरांच्या हातात दोन उत्तरपत्रिका.
गाळलेली जागा भरा:
विणून झाल्यावर मागावर उरलेल्या सुताला ...... म्हणतात.
पुस्तकात होतं दशी.
पुष्पलता हेडाऊनं लिहिलं होतं फणोटी.
आणि मीही.

ती तांडापेठेतली, तिच्या घरी दोन माग.
शाळेत यायची तेव्हा वेणीत
सुताचा एखादा रंगीत धागा अडकलेला असायचा.
माझे वडील एजी ऑफिसात.
मी माग पाहिला नव्हता, फक्त तिचा पेपर पाहिला होता.

कोणी कोणाचं पाहिलं, सरांनी विचारलं,
आणि उत्तराची वाट न पाहता
तिला उभं केलं.
ती माझ्याकडं बघत होती,
रागानं नाही. मी सांगीन, असं तिला वाटत असावं.
मी पट्टीनं समास आखत बसले.
सर म्हणाले, असा शब्दच नाही मराठीत.
पुढच्या जूनमध्ये ती आमच्या वर्गात नव्हती.

आता वकील आले, पत्रकं निघाली,
समोरचे म्हणाले, आम्ही चोरत नाही,
लोक कुठं बोट ठेवतात एवढंच बघतो.
मला ते पटलं. मीही एवढंच बघितलं होतं.

मग एका रात्री नोंदी चाळताना
एक ओळ दिसली, आमच्या वीस जणांतली नसलेली.
नागपूर. दोन वाजून दहा मिनिटं.
फणोटी.
खस उघडली गेली, लगेच बंद झाली.
पुन्हा: फणोटी म्हणजे काय.
पुन्हा खस.
तिसऱ्यांदा: फणोटी हातमाग जुने शब्द.
तिथंही आम्ही खसच दिली,
पंचेचाळीस बाय साठ, जाड, सुवासिक.

कोण असेल, ते नोंदीत नसतं.
तिची मुलगी, कोणी विद्यार्थी, कोणी दुसरंच.
किंवा तीच, झोप न येऊन,
सर खरं बोलले होते का ते बघत.

खटल्याला हवे ते सगळे फोटो काढून झाल्यावर
सापळा उचलायचं काम माझ्याकडं आलं.
एक कळ दाबायची होती.
दाबण्याआधी त्या चौकटीत मी खरा अर्थ टाइप केला,
त्याला जोडायला पान नव्हतं म्हणून खोडला.

आता आमच्याकडं फणोटी टाका:
काही सापडलं नाही.
समोरच्यांकडं टाका:
काही सापडलं नाही.
यावेळी मात्र
कोणी कोणाचं पाहिलं, हे कोणी विचारत नाही.